चार चाकं, पाच पाव

ओरोपेसा, ६ सप्टेंबर १९९८

एलादियोदादा,

आधी पाव बाहेर काढ, मग चिठ्ठी वाच. विल्बर्ट कंडक्टरला मी दम भरलाय की पिशवी बसच्या टपावर टाकायची नाही, मांडीवर धरून थेट आरेकिपाला न्यायची. आपल्या आईच्या मापाची चूता आहे, आपला तो गोल गोड पाव, घमेल्याएवढा. पांढऱ्या कापडात बांधलीय, सोबत बडीशेपेच्या दारूची छोटी बाटली आहे. मी स्वतः समोर उभी राहून दोन्ही हातांनी देतेय असं समज. आणि आजच्या आज खा, शिळा करू नकोस.

आता गाडीचं. माझा इलारियो गेल्यापासून, दोन वर्षं, त्याची व्हॅन मीच चालवते हे तुला माहीत आहे. पहाटे भट्टीतून पाव काढायचे, टोपल्या भरायच्या, कुस्कोचा बाजार गाठायचा. गाडीने कधी हूं की चूं केलं नाही. पण आता पुढचं डावं चाक भोकांपाशी तडकलंय. टायर नव्हे रे, लोखंडी चाकच. वेल्डिंगवाल्याने दोनदा सांधलं, तिसऱ्यांदा हात जोडले आणि म्हणाला, "सेन्योरा, आता हे माझ्याच्यानं होणार नाही." उरलेली तीन खड्ड्यांत आपटून इतकी वाकडी झालीत की हवा रात्रभर टिकत नाही.

कुस्कोपर्यंत मी कशीबशी जाईन. पण यंदा इलारियोचं तिसरं वर्ष आहे. मृतांच्या दिवशी त्याच्या गावी, वर ओकोंगातेला, शेवटचं पान मांडायचं आहे. तिसऱ्या वर्षी आत्म्याला पोटभर जेवू घालून निरोप दिला नाही तर तो रस्त्यातच घुटमळत राहतो, असं त्याची आई म्हणते. अख्ख्या गावाला पुरेल एवढा पाव मी तिला कबूल केलाय. उर्कोसच्या पुढचा घाट, कच्चा रस्ता, गाडी गळ्यापर्यंत भरलेली, आणि ही असली चाकं.

तर दादा, तू जन्मभर ट्रक हाकलेस. दुसरी चाकं घ्यायची तर काय बघून घ्यायची, ते मला कळेल असं लिही.

नोर्कावहिनीला नमस्कार.

तुझी देल्फिना

*

आरेकिपा, १३ सप्टेंबर १९९८

देल्फी,

पाव पोचला आणि संपलाही. मी अर्धा खाल्ला, नोर्काने चतकोर खाल्ला, उरलेला शेजाऱ्यांनी वासावर येऊन संपवला. बाटली मी एकट्याने. तीस वर्षांत ह्या शहरात असा पाव मिळाला नाही. कापड नोर्काने धुऊन कपाटात ठेवलंय. एवढा थाट कशाला केलास? भावाला पाव पाठवायला बाटली लागते का?

आता नीट वाच, कारण मी दोनदा सांगणार नाही.

भोकं मोजून थांबू नकोस. तुझ्या व्हॅनला सहा भोकं आहेत, म्हणून सहा भोकांचं कुठलंही चाक बसेल असं ज्याला वाटतं त्याच्याशी बोलूही नकोस. समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोज. ते माप जुळलं तर मधलं मोठं भोक बघ. गाडीच्या हबचा गोल त्यात नेमका बसला पाहिजे, ढिला नको आणि ठोकून घालायला लागेल असाही नको. मग चाकाची आतली बाजू वर करून ते आडवं ठेव आणि हबला टेकणारी थाळी किती खोल आहे ते बघ. ती जुन्या चाकाइतकीच खोल हवी. कमी खोल असेल तर चाक गाडीच्या बाहेर येतं, जास्त असेल तर आत घुसून घासतं.

त्यानंतर वजन. चाकावर किती भार झेपेल ते कोरलेलं असतं. भरलेल्या गाडीच्या चौथ्या हिश्श्याहून ते जास्त पाहिजे. पाव हलका असतो म्हणून हसू नकोस, टोपल्या भरल्यावर तुझी व्हॅन कशी बसते ते मी पाहिलंय. आणि शेवटी नट. तुमचे नट निमुळत्या तोंडाचे आहेत, चाकाची भोकंही तशीच निमुळती हवीत. चकाकणारी अॅल्युमिनियमची चाकं बघून भुलू नकोस. त्यातल्या बऱ्याच चाकांना सपाट वॉशरचे नट लागतात. आपले नट त्यात आवळल्यासारखे वाटतात आणि घाटात सुटतात.

सांधलेलं चाक आजच काढून टाक. चाक म्हणजे फाटका परकर नव्हे, ठिगळ लावायला.

तुझी मापं मला कळव, मी इथे चौकशी करतो.

एलादियो

*

ओरोपेसा, २७ सप्टेंबर १९९८

दादा,

तुझं पत्र मी भट्टीपाशी बसून तीनदा वाचलं. देव तुझं भलं करो. इतकं समजावून आपल्या बापाने मला गुणाकारसुद्धा शिकवला नव्हता.

मापं ह्या कागदाच्या मागे लिहिलीत, दोरी लावून घेतलीत. पण तुझं पत्र यायला थोडा उशीर झाला. चाकं आली. चारही. नवी नाहीत, पण टायरसकट. चारही बसलीत, गाडी स्वतःच्या पायांवर उभी आहे, म्हणजे उभी राहण्यापुरती.

आता तूच सांग काय करू. मागचं उजवं चाक कोपर बाहेर काढून बसल्यासारखं गाडीबाहेर आलंय. टोपल्या भरल्या की टायर पत्र्याला घासतो. पुढचं डावं चकचकीत आहे, पण त्याचे नट रोज सकाळी बोटाने फिरतात. पुढच्या उजव्याचं मधलं भोक लहान होतं, ते कानशीने घासून मोठं केलंय, आणि गाडी वेगात आली की स्टिअरिंग माझे हात असे हलवतं की दंडावरचं मांस थरथरतं. मागचं डावं मात्र छान आहे. त्याची काहीच तक्रार नाही.

ह्या तिघांचं काही करता येईल का? वॉशर घालून? मध्ये पत्रा लावून? जरा आणखी घासून? मला हीच चाकं चालवायची आहेत. का ते विचारू नकोस.

देल्फिना

*

आरेकिपा, ४ ऑक्टोबर १९९८

देल्फिना,

का ते विचारणारच. कुठल्या चोराने गळ्यात मारली ही चाकं? चार चाकं, चार जातींची! आंधळ्यानेसुद्धा हात फिरवून सांगितलं असतं. दुकानदाराचं नाव कळव. मी येऊन त्याची मानगूट धरतो.

वॉशर नाही, पत्रा नाही, कानस तर मुळीच नाही. चाक परत त्याच्या अंगणात फेक आणि सांग की माझा भाऊ आरेकिपाहून येतोय. बाईमाणूस एकटी बघितली की ह्यांना उकळ्या फुटतात. तूही कमाल आहेस. माझ्या उत्तरासाठी आठ दिवस थांबवत नव्हतं का? मी कोणासाठी लिहिलं एवढं?

तोवर ती गाडी गल्लीबाहेरही काढायची नाही.

एलादियो

*

ओरोपेसा, ११ ऑक्टोबर १९९८

दादा,

मानगूट धरायला ये, पण चार माणसांची धरावी लागेल. त्यात एक तुझी मावसबहीण आहे.

मी चाकं विकत घेतली नाहीत. मी हुर्का केला. विसरला नसशील, आपल्या गावात अजून तसंच चालतं. ज्याच्याकडे मागायचं त्याच्या दारात पाव आणि बाटली घेऊन जायचं. त्याने पाव घेतला की शब्द दिला, तो त्या कामाचा पाद्रिनो झाला. चार दारं, चार पाव, चार चाकं. भट्टीवाले डॉन आनिसेतो, तिपोनला गिनीपिग भाजून विकणारी डोन्या बासिलिया, बँडमधला तुतारीवाला रोमुलो आणि आपली इग्नासिया. एकानेही आढेवेढे घेतले नाहीत. आनिसेतोने तर पाव हातात घेऊन डोळे पुसले. म्हणाला, "इलारियोने माझ्या पोराच्या लग्नाचा पाव फुकट वाहिला होता. एक चाक काय, मी गाडी ओढत नेईन."

मग त्यांनी आपापल्या परीने चाक शोधलं. आनिसेतोने पिकअपवाल्या भाच्याकडून आणलं. बासिलिया म्हणाली, "माझ्या कोमाद्रेच्या, मानलेल्या बहिणीच्या गाडीला मी गंजकं चाक देणार? हट्!" आणि ती चकचकीत घेऊन आली. रोमुलोचं मधलं भोक बसेना, तर त्याने आणि बँडच्या ड्रमवाल्याने दुपारभर आळीपाळीने कानस चालवली. इग्नासियाला चाकातलं ओ की ठो कळत नाही. तिने माझं तडकलेलं चाक चादरीत बांधून पाठीवर घेतलं, कुस्कोला जुन्या चाकांच्या आवारात गेली आणि एकेक चाकावर ठेवून बघत बसली. जे जुळलं ते घेऊन आली.

रविवारी पाद्रीबाबांनी चाकांवर पाणी शिंपडलं. प्रत्येक चाकाला फुलांची माळ, रंगीत कागद, त्यावर बिअर. सगळ्यांनी आग्रह केला, "देल्फिना, चौकाला एक फेरी मार!" दादा, मी फेरी मारली. हात थरथरत होते, मागचं चाक पत्र्याला कर्रकर्र घासत होतं, रोमुलो तुतारी वाजवत पुढे चालला होता, आणि मी दात काढून हसत होते. लोक टाळ्या पिटत होते. कोणालाच काही कळलं नाही, देवाची कृपा.

तेव्हापासून गाडी अंगणात आहे. लोकांना सांगितलंय की इंजिनात पाणी गेलं. पाव मी बसच्या टपावरून नेते, अर्धाच विकला जातो. ओकोंगातेला बसच्या टपावरून गावाचं जेवण नेता येणार नाही.

आता सांग, ही चाकं परत कशी करू? पाद्रिनोचं देणं परत करायचं म्हणजे त्याच्या तोंडावर पाव फेकायचा. आणि गुपचूप बदलली तर दर रविवारी आनिसेतो येऊन चाकावर हात फिरवतो. "आमचं चाक कसं आहे?" म्हणून विचारतो. त्याला काय सांगू?

देल्फिना

*

आरेकिपा, १७ ऑक्टोबर १९९८

देल्फी,

मानगुटीचं मागे घेतो.

त्यांना खरं सांग, एवढंच मला सुचतं. पण माझ्या सुचण्याला काय किंमत? चार दारांत गेलीस, माझं दार त्यात नव्हतं. ओरोपेसा सोडून तीस वर्षं झाली, मला कळतं. माणूस गेला की त्याची खुर्ची दुसरं कोणी घेतं. पण चाकासाठी तुतारीवाला आठवतो आणि ट्रकवाला भाऊ आठवत नाही, ह्याचं जरा लागलं. खोटं कशाला बोलू. लागलं.

नोर्का म्हणते असं लिहू नकोस. लिहिलं.

एलादियो

*

ओरोपेसा, २० ऑक्टोबर १९९८

दादा,

तू म्हातारा झालास आणि वर मूर्खही झालास!

पांढरं कापड. आईच्या मापाचा पाव. बडीशेपेची बाटली. दोन्ही हातांनी देतेय असं समज, असं मी लिहिलं होतं की नाही? ओरोपेसातलं शेंबडं पोरसुद्धा कापडाची गाठ बघून ओळखतं. पहिला पाव तुझ्याकडे आला होता, दादा. बाकीची चार दारं त्यानंतर. नको असेल तर कापड परत पाठवायचं असतं. तू लिहिलंस, कापड कपाटात ठेवलंय. मी ते वाचलं, भट्टीवरच्या बायकांना ओरडून सांगितलं की माझ्या भावाने पाव घेतला, आणि मग शालीने तोंड झाकून रडले. तू पुढे नटांविषयी काय लिहिलं होतंस ते मला दुसऱ्या वाचनात कळलं.

तुझ्याकडे चाक मागितलंच नाही. तू थोरला पाद्रिनो आहेस. बाकी चौघांनी काय करायचं ते थोरला सांगतो, आणि त्याने सांगितलेलं कोणाला लागत नाही. हे काम दुसऱ्या कोणाचं असणार होतं? आई-बाप नाहीत, इलारियो नाही. माझ्या बाजूने उभं राहायला तुझ्याशिवाय आहे कोण?

तेव्हा रुसवा गुंडाळून ठेव आणि ये. मृतांचा दिवस तोंडावर आलाय. तू पाव खाल्लायस.

तुझी देल्फी

*

आरेकिपा, २३ ऑक्टोबर १९९८

देल्फी,

तुझं पत्र वाचून मी नोर्काला हाक मारली. तिने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "मला बोलावलंय." "कुठे?" "घरी." मग मी पत्र तिच्या हातात दिलं.

पण मी येऊ शकत नाही, आणि आता लपवण्यात अर्थ नाही. ऑगस्टमध्ये शिडीवरून पडलो, मांडीचं हाड मोडलं. तेव्हापासून खाटेवर आहे. तुझा पावही मी उशीला टेकून खाल्ला. तुझ्यामागे आधीच कमी व्याप आहेत का, म्हणून कळवलं नाही. दुकानदाराची मानगूट धरायला निघालो होतो तो असा.

विल्बर्टबरोबर एक लाकडी थाळी पाठवतोय. तुझ्या मापांवरून कापली आहे. सहा भोकं, मधलं भोक, सगळं नेमकं. नोर्काची कणीक मळायची फळी होती, तिने स्वतः दिली. भोकं खाटेवर बसून मीच पाडली, अंथरुणभर भुसा झाला. सोबत काठी आहे, तिच्यावरची खूण म्हणजे चाकाची थाळी किती खोल हवी ते माप. ज्या चाकावर थाळी आणि काठी दोन्ही जुळतील तेच घ्यायचं. वजनाचा आकडा आणि नटांची बैठक डोळ्यांनी तपासा.

खालचा मजकूर चौघांना बोलावून वाचून दाखव. मोठ्याने वाच.

"भावांनो, बहिणींनो, मी तुपायाची घराण्यातला एलादियो, ह्या गाडीचा थोरला पाद्रिनो. तुम्ही माझ्या बहिणीला पाय दिलेत. मी इतक्या लांबून तिला नुसता सल्ला देत होतो. तुमचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. आता थोरला म्हणून सांगतो ते ऐका. गाडीची चारही चाकं सख्खी भावंडं असावी लागतात. इग्नासियाचं चाक मापाला उतरलंय. बाकी तिघांनी आपापलं चाक घेऊन कुस्कोला जायचं आणि ही थाळी लावून त्या बदल्यात त्याचं भावंड आणायचं. चाक देणारे तुम्हीच राहाल. गाडी थोडं अंतर गेली की नट पुन्हा आवळायचे, हे ज्याचं चाक त्याने बघायचं. माझी बहीण घाटात जाणार आहे."

एलादियो

*

ओरोपेसा, ६ नोव्हेंबर १९९८

दादा,

मांडीविषयी मी वहिनीला वेगळं पत्र लिहिलंय, त्यात तुला शिव्या आहेत. ह्या पत्रात नाहीत.

चौघांना अंगणात बोलावलं, मक्याची चिचा प्यायला दिली आणि तुझा मजकूर मोठ्याने वाचला. वाचून झाल्यावर मान वर करायची हिंमत होईना. मग आनिसेतो घसा खाकरून म्हणाला, "देल्फिना, कर्रकर्र आवाज माझ्याच चाकाचा होता ना?"

मी म्हटलं, "तुम्हाला ऐकू आला?"

"अख्ख्या गावाला आला. लाजेने मी दोन रविवार देवळात मागच्या बाकावर बसलो. दर आठवड्याला चाकावर हात फिरवायला यायचो ते घासून किती झिजलंय बघायला! पण बोलणार कसं? बासिलियाला वाटलं असतं मी तिच्या चाकाला नावं ठेवतोय."

"माझ्या?" बासिलिया म्हणाली. "मला तर वाटत होतं माझंच हलतंय. मी ह्या बयेच्या दारावरून जायचं सोडलं."

रोमुलोने टोपी काढली. "तुतारी एवढ्या जोरात कशाला वाजवली असेन?"

दादा, आम्ही किती हसलो. इग्नासिया तर हसता हसता पोत्यावर पडली. इंजिनात पाणी गेलंय हे कोणालाच पटलं नव्हतं म्हणे. सगळे मला जपत होते आणि मी सगळ्यांना जपत होते. दुसऱ्या दिवशी आनिसेतोच्या भाच्याच्या पिकअपमध्ये तीन चाकं टाकून सगळे कुस्कोला गेले. आवारातला माणूस थाळी बघून म्हणाला, "हे काय, पोळपाट?" बासिलिया म्हणाली, "पाद्रिनोचा हुकूम आहे. गप्प काढ चाकं." संध्याकाळपर्यंत तीन भावंडं मिळाली, निमुळत्या बैठकीची, वजनाचा आकडा भरपूर. पाद्रीबाबांना पुन्हा बोलावलं. ते म्हणाले, पाणी तेच, पैसे नकोत.

एक नोव्हेंबरला पहाटे गाडी भरली. पावाची बाळं, पावाचे घोडे, पावाच्या शिड्या, छतापर्यंत. स्टिअरिंग असं शांत की मी दोनदा खाली उतरून चाकं आहेत ना ते बघितलं. उर्कोसच्या फाट्यावर पोचले तर रस्त्याच्या कडेला चौघे उभे. पहिल्या बसने पुढे आले होते, सणाचे कपडे घालून, हातात पाना. मी गाडी थांबवली. प्रत्येक जण आपापल्या चाकापाशी गुडघ्यावर बसला आणि नट आवळू लागला. बासिलियाचा घेरदार घागरा धुळीत, तिच्याच्याने पाना वळेना, तर ती त्यावर पाय देऊन उभी राहिली. मग आनिसेतोने छतावर थाप मारली. "जा पोरी. इलारियो वाट बघतोय."

घाट मी रडत रडत चढले, पण गाडी सरळ गेली.

थडग्यापाशी पान मांडलं. मधोमध काय ठेवलं सांगू? तुझी लाकडी थाळी कणकेवर ठेवून मी एक चाक कापलं होतं, सहा भोकांचं, आणि भाजलं. सासूबाईंना दिसतं कमी. त्यांनी हात फिरवून विचारलं, "हे काय ग?"

"त्याच्या गाडीचं चाक, आई."

त्यांनी एकेका भोकात बोट घालून बघितलं. "तडा नाही ना कुठे?"

"नाही. दादाच्या मापाचं आहे."

"मग जाईल तो नीट," त्या म्हणाल्या. आणि आम्ही त्याला निरोप दिला.

दादा, तुझे आभार मी कसे मानू मला कळत नाही. चारही चाकांना देणारे आहेत, पण गाडी नेली तुझ्या थाळीने. विल्बर्टबरोबर पाव पाठवतेय. पांढरं कापड आहे आणि बाटलीही आहे. ह्या वेळेला गाठ नीट बघ, आणि खायच्या आधी विचार कर. काय मागतेय ते मी लिहिणार नाही.

तुझी देल्फी

*

आरेकिपा, १२ नोव्हेंबर १९९८

देल्फी,

पाव मिळाला. नोर्का म्हणाली, आधी विचारून घ्या काय मागतेय, मांडी मोडलेल्या माणसाने उगाच शब्द देऊ नये. मी गाठ बघितली. नीट बघितली.

विचारलं नाही. खाल्ला.

कापड कपाटात ठेवलंय, पहिल्याच्या शेजारी.

तुझा एलादियोदादा